बिटाचा रंग

९ फेब्रुवारी

ही वही खरं तर लिफ्टची आहे. प्रत्येक लिफ्टच्या मशीनखोलीत अशी एक निळ्या पुठ्ठ्याची नोंदवही टांगलेली असते. दिनांक, निरीक्षण, कार्यवाही, सही. आमच्या लिफ्ट दुरुस्तीच्या कंपनीच्या कपाटात दोन जास्तीच्या पडल्या होत्या, त्यातली एक उचलून आणली. रोजनिशी लिहिण्याचा शौक मला कधीच नव्हता आणि पंचेचाळिसाव्या वर्षी तो लागेल असंही नाही. पण आज ताईचा फोन आला आणि त्यानंतर कुणाशी काय बोलावं ते सुचेना.

ताईचा जनुकांचा रिपोर्ट आला. गेल्या वर्षी तिच्या मोठ्या आतड्यातून कॅन्सरची गाठ काढली. वेळेत सापडली म्हणून वाचली. तेव्हाच डॉक्टरांनी विचारलं होतं, घरात आणखी कुणाला? ताईनं बोटं मोजायला घेतली. आजोबा. आप्पा, म्हणजे आमचे वडील, सेहेचाळिसाव्या वर्षी. काका चव्वेचाळिसाव्या वर्षी. डॉक्टरांनी पुढचं ऐकलंच नाही म्हणे, सरळ रक्त घेतलं. निकाल असा की आमच्या घराण्यात एक बिघडलेलं जनुक चालत आलंय. आईबापांपैकी एकात असलं की प्रत्येक मुलात उतरण्याची शक्यता निम्मी. ताईत उतरलंय. राहिलो मी आणि धाकटा, बारक्या.

"दोघांनी रक्त तपासून घ्या," ताई म्हणाली. "आणि तू तर रक्ताचीही वाट बघू नकोस, आतड्यात दुर्बीण घालून बघून घे. तुला आता सेहेचाळिसावं लागेल."

आप्पांचं वय ती मला सांगते! जसं काही मी विसरलोय.

निरीक्षण: ताईचा फोन. कार्यवाही: दोन कप चहा.

११ फेब्रुवारी

दोन दिवस डोकं चालवलं. आप्पा कशानं गेले हे कळायला रक्त कशाला तपासायला हवं? आम्ही तिघं भावंडं रोज समोर बसून बघत होतो. खारवून धुरावलेल्या मांसाचे तुकडे तव्यावर करपेपर्यंत परतायचे, सोबत पांढरा पाव, वर आणखी मीठ. ताटात पालेभाजी दिसली की "हे गुरांना घाला" म्हणायचे. संध्याकाळी बाटली. आई म्हणायची, यांची जीभच यांना नेणार. नेलंच.

काकाचं जरा वेगळं आहे. तो मांसाला शिवत नव्हता, दारूचा थेंब नाही, रोज पहाटे तासभर चालायचा, आणि आप्पांपेक्षाही दोन वर्षं कमी जगला. पण काका काळजी फार करायचा. काळजी माणसाला आतून पोखरते.

मी आजवर आप्पांसारखंच खात आलोय, हे कबूल. डब्यात तेच धुरावलेलं मांस, कारण मशीनखोलीत बसून गार खाल्लं तरी चालतं. म्हणजे दुखणं कुठे आहे ते उघड आहे आणि उपायही.

बायको ग्रंथालयात काम करते. तिला म्हटलं, आतड्यावरचं एखादं चांगलं पुस्तक आण. तिनं विटेएवढं आणलं. अर्धं वाचून काढलं. तंतू असलेलं खाणं, कडधान्यं, कोंड्यासकट धान्य, भाज्या; धुरावलेलं आणि हवाबंद डब्यातलं मांस बंद; दारू बंद; वजन आटोक्यात. सगळं कसं सरळ आहे. शेवटचं प्रकरण आनुवंशिकतेवर आहे, ते अजून वाचलं नाही. आधी हातातल्या गोष्टी.

१४ फेब्रुवारी

फ्रिजवर तक्ता लावला. सकाळी ओट्स आणि सालासकट सफरचंद. दुपारी कोंड्याचा पाव आणि उकडलेली कडधान्यं. संध्याकाळी भाज्यांचं सूप. आणि बीट रोज, किसून नाहीतर रस काढून, कारण मांस बंद केल्यावर रक्त कमी पडायला नको. काल ओटा बघून बायको म्हणाली, "अहो, इथे कुणाचा खून पाडलात की काय?"

आज सकाळी संडासात लाल दिसलं आणि माझं धाबं दणाणलं. बाहेर येऊन तिला सांगितलं तर ती हसत सुटली. "काल अर्धा किलो बीट कुणी रिचवलं?" मग मीही हसलो. पुस्तकात बघितलं, तिथेही तेच आहे. बिटानं रंग येतो, घाबरू नये.

जिवात जीव आला.

२३ फेब्रुवारी

ताई येऊन गेली. तक्ता बघितला, कौतुक केलं, आणि खुर्ची ओढून माझ्यासमोर बसली. ताई अशी समोर बसली की माझं वय आपोआप बारा होतं.

"तपासणीची तारीख घेतलीस का?"

"ताई, मी मुळावरच घाव घातलाय. खाणंच बदललं."

"छान केलंस. डॉक्टर मलाही तेच सांगतात. पण त्यानं धोका थोडा उतरतो, जात नाही. ज्यांच्यात हे जनुक आहे त्यांना वर्षा-दोन वर्षांनी आत बघावंच लागतं."

मी तिला माझ्या भाषेत सांगितलं. बावीस वर्षं लिफ्टचे दोर सांभाळतोय. भार कमी ठेवला की दोर टिकतो.

"आणि दोर कारखान्यातूनच कच्चा आला असेल तर?"

"तर भार आणखी कमी ठेवायचा."

"तर तो उघडून बघायचा, गाढवा!" ती ओरडली. बायको स्वयंपाकघरातून बाहेर आली. ताईचे डोळे भरले होते. "माझी गाठ मुठीएवढी झाली होती रे. आणि मला काही म्हणजे काही होत नव्हतं."

वाईट वाटलं. पण एकदा कुणी मरणाच्या दारातून परत आलं की त्याला सगळीकडे तेच दार दिसतं. जाताना तिनं माझ्या लेकीला बाजूला घेऊन काहीतरी सांगितलं. लेक चोवीस वर्षांची आहे, तलावावर मुलांना पोहायला शिकवते. आम्ही तिला मासोळी म्हणतो. तिला मध्ये ओढायची काही गरज नव्हती.

खरं सांगायचं तर, आणि ही वही कुणी वाचत नाही म्हणून सांगतो, मला निकालाची भीती नाही. मला भीती निकाल हातात घेऊन घरी येण्याची आहे. मासोळी दारातच विचारेल. तिच्या तोंडाकडे बघून मी काय सांगू?

४ मार्च

आज एका नऊमजली इमारतीत वार्षिक तपासणी. तिथले व्यवस्थापक माझ्या डोक्यावर बसले. "चालतेय ना लिफ्ट? आवाज नाही, धक्का नाही. चार तास बंद कशाला ठेवायची? पुढच्या महिन्यात बघू."

मी त्यांना शांतपणे म्हटलं, "साहेब, दोर आधी आतून तुटतो. वरून तेल लावलेला, चकचकीत. तो आवाज करायला लागला म्हणजे उशीर झालेला असतो. आवाज नाही म्हणूनच आज उघडायचा."

उघडला. आतल्या दोन पेडांच्या तारा तुटलेल्या. लिफ्टला लाल पाटी लावली. व्यवस्थापकांचा चेहरा बघण्यासारखा झाला. माझा जोडीदार वायरमन, आमची सोळा वर्षांची सोबत, तो मला म्हणाला, "काय बोललास! छापून लावलं पाहिजे." स्वतःचा थोडा अभिमान वाटला, का नाही वाटायचा.

१६ मार्च

बारक्याचा फोन. तो रंगकाम करतो, चाळिशी गाठतोय, अजूनही मला विचारल्याशिवाय चप्पल घेत नाही. आप्पा गेले तेव्हा तो बारा वर्षांचा होता. शाळेचं, कामाचं, लग्नाचं, सगळं मीच बघितलं.

"दादा, ताईनं माझी बावीस तारीख घेऊन ठेवलीय. रक्त आणि दुर्बीण दोन्ही. जाऊ का रे? मला तर नुसत्या विचारानंच गरगरतंय."

मी म्हटलं, तुझं तू ठरव. तो म्हणाला, "तू जाणार आहेस?"

मी म्हटलं, मी खाणं सुधारलंय, मला गरज वाटत नाही.

"मग झालं तर," बारक्या म्हणाला, आणि त्यानं एवढा मोठा सुस्कारा सोडला की मला फोनमधून वारा लागला. "तुझा तो तक्ता मला पाठव. रद्द करतो तारीख. ताईला मात्र तू सांग, मला रागावेल."

तक्ता पाठवला. ताईला अजून सांगितलं नाही.

२ एप्रिल

वजन चार किलो कमी! पट्ट्याला नवीन भोक पाडलं. बायको म्हणते, चेहरा उतरलाय. उतरणारच, चरबी सगळीकडून जाते.

बीट रोज चालू. रंग रोज.

१९ एप्रिल

मशीनखोली छतावर असते आणि लिफ्ट बंद करून ठेवली की आम्हाला जिन्यानं चढावं लागतं. आज चौथ्या मजल्यावर थांबलो. सातव्यावर पुन्हा. छातीत धडधड, डोळ्यांपुढे काजवे. वायरमन माझ्याहून सहा वर्षांनी मोठा आणि पोट सुटलेला, तो वरून वाकून म्हणाला, "काय रे, पाल्यावर चालणाऱ्या गाडीचा दम संपला का?"

हसलो. शरीराला आयुष्यभराची मांसाची सवय, ते थोडं रुसणारच. पुस्तकात लिहिलंय, बदल हळूहळू करावा. मी एका दिवसात केला, तिथेच चुकलं असेल.

६ मे

कंपनीची वार्षिक वैद्यकीय तपासणी. उंचावर काम करणाऱ्यांना सक्तीची. कंपनीचे डॉक्टर म्हातारे आहेत, एरवी छाती ठोकून "पुढचा" म्हणतात. आज त्यांनी रक्ताचा कागद दोनदा वाचला आणि चष्मा काढला.

"रक्त फार कमी झालंय तुमचं. पुरुषाचं रक्त असं आपोआप कमी होत नाही. कुठेतरी जातंय."

"साहेब, मांस बंद केलंय. त्यामुळे."

"तीन महिन्यांत मांस सोडून एवढं होत नाही. शौचाला काही त्रास? रक्त?"

"नाही. बीट खातो मी रोज. त्याचा रंग असतो."

त्यांनी चष्मा पुन्हा लावला. "घरात कुणाला आतड्याचा कॅन्सर?"

मी म्हणालो, "नाही."

का म्हणालो, माहीत नाही. जीभच तशी वळली. आप्पा, काका, आजोबा, ताई, चार माणसं एका शब्दात पुसून टाकली. त्यांनी लोहाच्या गोळ्या दिल्या आणि आतड्याच्या डॉक्टरांकडे जाण्याची चिठ्ठी. बीट आठ दिवस बंद करून बघा, असंही म्हणाले. चिठ्ठी या वहीत ठेवलीय. घरी फक्त गोळ्यांचं सांगितलं.

१९ मे

गोळ्यांनी पोट बांधल्यासारखं होतं. शौचाला काळं होतं, पाकिटावर तसं लिहिलंच आहे. आता काळं आणि लाल दोन्ही. प्रत्येकाचं कारण मला माहीत आहे, त्यामुळे काळजीचं काही नाही.

कधी कधी गेल्यावर पुन्हा जावंसं वाटतं. तंतूंचा परिणाम.

वजन आणखी तीन किलो कमी.

२८ मे

मासोळीनं विचारलं, "बाबा, आजोबा शेवटी कसे दिसत होते?"

मी म्हटलं, बारीक झाले होते. ती माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "फोटो आहे का एखादा?" मी म्हटलं, त्या काळात आजाऱ्याचे फोटो कोण काढणार. फोटो आहे, माझ्या कपाटात. तिला दाखवला नाही. संध्याकाळी ती तलावावर गेल्यावर मी एकटाच काढून बघितला आणि पुन्हा ठेवून दिला.

आरशाशेजारी धरून बघायची बुद्धी झाली होती. तसला मूर्खपणा मी करत नाही.

८ जून

बाजारात बीट नाही. भाजीवाली म्हणाली, माल येईल तेव्हा येईल. तोवर गाजर.

१४ जून

सहा दिवस गाजर. रंग तोच.

१५ जून

बीट शरीरात साठून राहत असणार. चार महिने रोज खाल्लंय, एका आठवड्यात कसं जाईल?

१६ जून

पुस्तकात बघितलं. बिटाचा रंग दोन दिवसांत जातो असं लिहिलंय. प्रत्येकाची प्रकृती वेगळी. पुस्तक आजच ग्रंथालयात परत द्यायला सांगितलं, बायको म्हणाली, "शेवटचं प्रकरण राहिलंय ना तुमचं?" खूण तिथेच अडकवलेली होती, तिनं बघितली.

म्हटलं, कामाचं तेवढं वाचून झालंय.

१७ जून

बीट आलं. दोन किलो आणलं. ओटा पुन्हा लाल झाला आणि मला बरं वाटलं. आता निदान कारण तरी घरात आहे.

हे वाक्य लिहून झाल्यावर मी ते तीनदा वाचलं. खोडणार होतो. नोंदवहीत खाडाखोड करायची नसते, बावीस वर्षांची सवय, म्हणून राहू दिलं.

२७ जून

आज सेहेचाळिसावं लागलं. आप्पांना हे वर्ष लागलं तेव्हा ते झोपून होते. मी कामावर जाऊन आलो, एवढं तरी सिद्ध केलं. दुपारी मशीनखोलीत डबा न खाता पडून राहिलो. वायरमननं उठवलं नाही, माझं काम त्यानंच केलं आणि नोंदवहीत सही माझी घ्यायला आला. नेहमीसारखी थट्टाही केली नाही. त्याची थट्टा बंद झाली याचंच जास्त वाईट वाटलं.

ताईनं फोनवर शुभेच्छा दिल्या. तपासणीचं काही विचारलं नाही.

५ जुलै

जेवण झाल्यावर मासोळी म्हणाली, "उठू नकोस, बाबा. आई, तूही बस." खिशातून घडी केलेला कागद काढला आणि टेबलावर ठेवला.

ती ताईबरोबर जाऊन रक्त देऊन आली होती. एप्रिलमध्येच. निकाल येऊन पंधरा दिवस झाले. माझा वाढदिवस होऊन जाऊ दे म्हणून थांबली.

"माझ्यात आहे," ती म्हणाली.

मी उठलो. बसलो. पायाखालची जमीन सरकते म्हणतात ती खुर्चीवर बसल्या बसल्याही सरकते. पहिली गोष्ट माझ्या तोंडून निघाली ती ही, की तू तर आपल्या तक्त्याप्रमाणेच जेवतेस ना? पोरीनं माझ्याकडे असं बघितलं की मला स्वतःचीच लाज वाटली.

बायको रडायला लागली. "माझ्याकडून आलं का गं? माझ्या घरात तर कुणाला... माझी आई अठ्ठ्याऐंशी वर्षांची आहे, अजून सगळ्यांशी भांडते."

"तुझ्याकडून नाही, आई." मासोळी बोलत आईशी होती, पण बघत माझ्याकडे होती. "आत्याच्या घरातलं जे जनुक, नेमकं तेच शोधलं त्यांनी. तेच निघालं. बाबा, ते आत्याकडून मला येऊ शकत नाही. आजोबांकडून थेट येऊ शकत नाही. मधली पायरी वगळून ते येत नाही."

मी कागद हातात घेतला. तिचं नाव, तिची जन्मतारीख. माझं नाव कुठेही नव्हतं, आणि तो कागद माझाच होता. पाच महिने ज्या निकालाला मी चुकवत होतो तो माझ्या मुलीनं आपल्या अंगावर घेऊन माझ्यासमोर आणून ठेवला.

"मला अजून काही झालेलं नाही," ती म्हणाली. "पुढच्या वर्षीपासून ठरावीक काळानं आत बघायचं. काही उगवत असेल तर कॅन्सर व्हायच्या आतच काढून टाकतात. डॉक्टरीणबाईंनी सगळं नीट समजावलं. मला माझी भीती नाही वाटत, बाबा. मला तुझी वाटते. तू आरशात बघतोस का?"

बायकोनं डोळे पुसले आणि एकच प्रश्न विचारला. "बीट नव्हतं त्या आठवड्यात रंग होता का?"

मला खोटं बोलता आलं असतं. कंपनीच्या डॉक्टरांशी बोललोच होतो. पण ती सगळ्यात आधी हसली होती फेब्रुवारीत, आणि ते तिला या क्षणी आठवत होतं, हे मला दिसत होतं.

"होता," मी म्हणालो.

ती उठून ओट्याजवळ गेली आणि टोपलीतलं सगळं बीट कचऱ्यात टाकलं. मग तिथेच उभी राहिली, आमच्याकडे पाठ करून.

१६ जुलै

उद्या तपासणी. आज फक्त पातळ पदार्थ आणि आतडं धुऊन काढायचं औषध. चार पेले. चव समुद्रात साबण कालवल्यासारखी. दिवसभर ये-जा. बीट बंद होऊन अकरा दिवस झाले. शेवटी शेवटी बाहेर पडत होतं ते पाणीच होतं, आणि त्या पाण्यात रंग होता. त्यात आता दुसरं काही उरलंच नव्हतं ज्याच्यावर मी तो ढकलू शकेन.

मासोळी दाराबाहेर बसून होती. मध्येच म्हणाली, "बाबा, आहेस ना?" मी म्हटलं, जातोय कुठे. ती हसली.

१७ जुलै

झालं. गुंगीचं इंजेक्शन देतात, कळत काही नाही. जाग आली तेव्हा बायको उशाशी होती आणि डॉक्टर पायाशी, आणि दोघांपैकी कुणीच हसत नव्हतं.

गाठ आहे. मोठी. दुर्बीण पुढे जाईना एवढी. तुकडा तपासायला पाठवलाय, पण डॉक्टर म्हणाले, मी तुम्हाला खोटी आशा दाखवणार नाही. पुढच्या आठवड्यात पोटाचं आणि छातीचं स्कॅन, कुठवर गेलंय ते बघायला. मग शस्त्रक्रिया.

मी त्यांना विचारलं, किती दिवसांची असेल? ते म्हणाले, वर्षभर तरी, कदाचित जास्त. म्हणजे मी फ्रिजवर तक्ता लावला त्या दिवशी ती आत होतीच. मी विचारलं, फेब्रुवारीत आलो असतो तर? त्यांनी माझी चादर सरळ केली. चांगला माणूस आहे.

खाण्याचंही विचारलं. म्हणाले, "जे खात होता ते उत्तमच होतं. सोडू नका. सगळ्यांनीच तसं खावं. पण खाण्यानं जोखीम कमी होते, तुमच्या रक्तात आलेलं कोरं होत नाही. ते खाणं तपासणीच्या जोडीला असतं, तिच्याऐवजी नाही."

मी मान हलवली. मग त्यांनी माझा कागद पुढे ओढला आणि पेन काढलं.

"भावंडं किती?"

"एक बहीण, तिचं झालंय. एक भाऊ. धाकटा."

"त्याची तपासणी झालीय का?"

बायकोनं माझा हात धरला होता. तिला माहीत नव्हतं. ताईलाही नाही, ताईला वाटतंय बारक्या बावीस मार्चला जाऊन आला. रागावेल म्हणून त्यानं सांगितलं नाही, आणि आज-उद्या सांगतो म्हणत मी सांगितलं नाही.

"नाही," मी म्हणालो. "मी त्याला नको म्हटलं होतं."

डॉक्टरांनी तेही लिहून घेतलं.

१८ जुलै

सकाळी नऊला बारक्याला फोन केला. दोनदा चुकीचा नंबर लागला. तो कामावर होता, मागून भिंत घासल्याचा आवाज येत होता. मी सांगून टाकलं. गाठ, जनुक, मासोळीचा कागद, सगळं. त्याला सांगितलं की मी चुकलो. आयुष्यात हे वाक्य मी त्याला कधी म्हटलं नव्हतं. ते तोंडातून बाहेर पडायला इतका वेळ लागला की तो दोनदा "हॅलो, दादा, हॅलो?" म्हणाला.

मग तो रडला. चाळिशीचा माणूस, कुणाच्या तरी रिकाम्या घरात, हातात रंगाचा ब्रश घेऊन लहानपणी रडायचा तसा. मी रडू दिलं.

"तू बरा होशील दादा," तो म्हणाला. "ताई झालीच ना? आणि माझी काळजी करू नकोस. आधी तुझं बघ."

"तुझं उद्याच करायचं, बारक्या. मी बोललोय डॉक्टरांशी."

"अरे, पण मला कशाला घाई? मला काही होत नाहीये. तुझं सगळं नीट पाळतो मी. विचार घरी. तक्त्यातला एक दिवस चुकवलेला नाही." आवाज जरा सावरला होता, मला धीर द्यायला तो आपली शहाणपणाची गोष्ट सांगत होता. "परवा लग्नातली विजार काढली, दादा, तर कमरेवर राहीना. नऊ किलो उतरलोय. तुला सांगणारच होतो, तुला बरं वाटेल म्हणून."

भिंत घासल्याचा आवाज पुन्हा सुरू झाला होता. बोलताना तो काम थांबवत नाही, पहिल्यापासून तसाच आहे.

"बारक्या," मी म्हटलं, "कुठे आहेस तू?"

"शिडीवर. का?"

"खाली उतर. हळू उतर. कपडे बदलत बसू नकोस, आहेस तसा थांब. मी न्यायला येतोय."